राइज की रेज? आधी 'ने' लागतो का बघा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मागे एक नोटीस आली होती, इंग्लिशमधे, की मेन्टेनन्स चार्जेस हॅव रिझन. एका काकांनी लगेच खाली टाकलं, "रिझन नाही हो, रेज्ड म्हणा, ते काय आपोआप वाढलेत का, तुम्ही मीटिंग घेऊन वाढवलेत." झालं, पुढचे दोन तास मेन्टेनन्स राहिला बाजूला आणि ग्रामरवरून जुंपली. पण मुद्दा काकांचा बरोबर होता. म्हणजे नोटीस व्याकरणात कुठे चुकलेली नव्हती, फक्त वाढवणारा माणूस वाक्यातून गुपचूप काढून टाकला होता, आणि राइज (rise) आणि रेज (raise) या दोन क्रियापदांमधे खरी गोम तिथेच आहे.

राइज म्हणजे आपलं आपण वर जाणं. सूर्य, धूर, ताप, धरणातलं पाणी, बाजारातले भाव. रूपं राइज, रोज, रिझन, त्यातलं रोज म्हणजे गुलाबवालं. रेज म्हणजे कोणीतरी काहीतरी वर करणं, हात, आवाज, झेंडा, पगार, आणि याची रूपं सरळ, रेज, रेज्ड, रेज्ड. 'राइज्ड' नावाचं काही नसतं, तरी मेलमधे आठवड्यातून एकदा तरी दिसतंच.

आता गंमत अशी की हा फरक मराठी माणसाला शिकवायची गरजच नाही, कारण आपण दिवसभर तोच करत असतो. उठणं-उठवणं, वाढणं-वाढवणं, चढणं-चढवणं, फुगणं-फुगवणं. मधे जादाचा 'व' घुसला की समजायचं करणारा कोणीतरी दुसराच आहे, म्हणजे रेज, आणि 'व' नसला की राइज. मी बरीच वर्षं याच्यावरच गाडी चालवली.

मग 'उगवणं' आडवं आलं. सूर्याला कोणी उगवत नाही, तो स्वतःच उगवतो, 'व' आहे तरी राइजच. 'उंचावणं' तर दोन्ही घरचा पाहुणा, भुवया उंचावल्या पण चालतं आणि शतक झाल्यावर त्याने बॅट उंचावली हे पण चालतं. त्यामुळे 'व' वर पूर्ण विसंबू नका, त्यापेक्षा 'ने' बघा. वाक्य मनात मराठीत भूतकाळात म्हणायचं आणि करणाऱ्याला 'ने' चिकटतो का बघायचं. भाव वाढले, 'ने' नाही, रोज. दुकानदाराने भाव वाढवले, 'ने' आहे, रेज्ड. भुवया उंचावल्या, रोज. त्याने बॅट उंचावली, रेज्ड. फक्त मी, तू, आम्ही, तुम्ही यांना 'ने' दिसत नाही (मी हात वर केला), तर तिथे 'त्याने' घालून बघायचं, लगेच कळतं.

एकाच बातमीत दोन्ही बघायचे असतील तर २०२२ आठवा. ४ मे ला रिझर्व्ह बँकेने रेपो रेट (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ४ टक्क्यांवरून ४.४० वर नेला, आणि मग वाढवत वाढवत फेब्रुवारी २०२३ मधे ६.५० वर. बँकेने वाढवला, म्हणून रेज्ड. त्याच्यामागून लोकांच्या होम लोनचे दर वाढले, ते रोज. आता घेणाऱ्याच्या खिशाला दोन्ही सारखंच लागतं म्हणा, पण पहिल्या वाक्यात बोट दाखवायला कोणीतरी आहे आणि दुसऱ्यात नाही. म्हणूनच तर दरवाढीच्या पत्रात बहुतेक वेळा राइज असतो, रेज नसतो, आणि अगदीच रेज वापरावा लागला तर 'वेअर रेज्ड' असं लिहून परत करणारा गायब.

ऑफिसात मात्र आपल्याकडे रेजचाच सुळसुळाट. तिकीट (म्हणजे तक्रारीची नोंद) रेज कर, क्वेरी रेज कर, इन्व्हॉइस रेज केलं का. इथे वर काहीच जात नसतं, पण कोणीतरी काढल्याशिवाय तिकीट निघत नाही, 'ने' लागतोच, त्यामुळे 'राइज अ तिकीट' कधीच नाही.

पगाराच्या बाबतीत अजून एक घोळ आहे. पगारवाढीला अमेरिकन माणूस रेज म्हणतो आणि ब्रिटिश माणूस राइज, म्हणजे लंडनच्या बॉसकडे राइज मागायचा आणि न्यूयॉर्कच्या बॉसकडे रेज. आपण इन्क्रिमेंट किंवा हाइक म्हणून दोघांनाही टांग मारतो ते बरंय. पण किराणा सामानात हे बरोबर उलटं होतं! केकसाठी बेकिंग पावडर आधीच मिसळलेला जो मैदा मिळतो त्याला ब्रिटनमधे सेल्फ-रेजिंग फ्लाउर म्हणतात आणि अमेरिकेत सेल्फ-राइजिंग. मैदा साधारण तोच. एकजण म्हणतो तो स्वतःला फुगवतो, दुसरा म्हणतो तो स्वतःच फुगतो, आणि खरं सांगायचं तर दोघंही चूक नाहीत.

आपल्याकडे हे इडलीच्या पिठात नेहमी दिसतं. रात्री पीठ पातेल्यात निम्म्यापर्यंत, सकाळी बघावं तर झाकण उचलून पीठ बाहेर, ओट्यावर ओघळ, वर सगळी जाळी. आपण म्हणतो पीठ वर आलं. पीठ 'वर आणलं' असं कोणी म्हणत नाही, कारण आपण काही केलंच नाही, नुसते झोपलो होतो. म्हणून राइज. थंडीत पीठ येत नाही तेव्हा आई पातेलं शालीत गुंडाळून ठेवायची, तरी ते रेज नाहीच, तो मेक इट राइज.

हे दोन शब्द दिसायला इतके सारखे का, तर ते एकाच कुळातले आहेत. राइज जुन्या इंग्लिशमधला घरचाच, आणि रेज आला नॉर्स भाषेतून, ती व्हायकिंग लोकं इंग्लंडात जाऊन राहिली त्यांची. अशा करणे-करवणे जोड्या इंग्लिशमधे अजून आहेत, सिट आणि सेट, लाय आणि ले, फॉल आणि फेल. यातला फेल म्हणजे नापास नाही हां, झाड पाडणं. म्हणजे आपल्या 'व' सारखी सोय त्यांच्याकडेही एके काळी होती, आता नुसते अवशेष उरलेत.

बाकीची भावंडं पटकन उरकतो. लिफ्ट म्हणजे जमिनीवरून उचलणं, बॅग लिफ्ट करतात, पण हात वर करायचा तर रेज. सोअर म्हणजे घारीसारखं उंच जाणं, पेपरवाल्यांना टोमॅटोच्या भावासाठी फार आवडतो. असेंड जरा सोवळ्यातला, सिंहासन वगैरे असेल तरच काढावा. आणि क्लाइंब म्हणजे हातपाय लावून चढणं. याच्यावर 'ने' ची युक्ती फसते, कारण आपण 'तो रायगड चढला' म्हणतो, गड आहे पण 'ने' नाही. असू दे, तिथे तसाही राइज किंवा रेज यातलं काहीच येत नाही. रोपवेने गेला असाल तर मात्र क्लाइंब म्हणू नका, यू वेंट अप एवढंच. आणि क्लाइंब खाली पण करता येतो, क्लाइंब डाउन, राइजला ते जमत नाही.

एक शेवटचा बाकी आहे. रेज सारखाच उच्चार असलेला अजून एक शब्द आहे, स्पेलिंगमधे आय गायब आणि एस च्या जागी झेड (raze), अर्थ जमीनदोस्त करणं, दाढीच्या रेझरचा नातेवाईक. म्हणजे कानाला एकच, एकाने बिल्डिंग उभी राहते आणि दुसऱ्याने पाडली जाते, 'ने' दोघांनाही लागतो, त्यामुळे ती युक्तीही कामाची नाही. काकांना हे अजून सांगितलेलं नाही, ग्रुपवर सध्या रीडेव्हलपमेंटचा विषय चालू आहे.