डिलीट की ट्रंकेट: डिस्क भरल्यावर जागा नेमकी कशाने सुटते?

समजा, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये बिलिंगचा लिनक्स सर्व्हर अडला. डिस्क फुल. शोधल्यावर ४० जीबीची लॉग फाइल (प्रोग्राम आपल्या कामाच्या नोंदी जिच्यात लिहितो ती) सापडली. ती आरएमने (डिलीट करणारी कमांड) उडवायची, की ट्रंकेटने (फाइल ठेवून आतला मजकूर पुसणारी कमांड) शून्यावर आणायची? दोन्हींनी जागा सुटणारच, असं अनेकजण धरून चालतात. फाइल उघडून बसलेला प्रोग्राम चालू असताना आरएमने तसं होत नाही.

आरएम फोल्डरमधलं नाव काढतं, एवढंच. फाइलचे ब्लॉक, म्हणजे डिस्कवरचे जागेचे तुकडे, आयनोडच्या (फाइलची अंतर्गत नोंद) ताब्यात असतात. शेवटची हार्ड लिंक, म्हणजे आयनोडकडे नेणारं नाव, गेली आणि फाइल उघडून बसलेल्या शेवटच्या प्रोग्रामने ती सोडली, की मगच ते मोकळे होतात. रेशनकार्डावरून नाव कमी झालं म्हणून माणूस घर सोडून जात नाही, तसंच हे. बिलिंगचा प्रोग्राम नाव गेलेल्या फाइलमध्ये लिहीतच राहतो. फाइलींचे आकार मोजणाऱ्या डीयूला ती दिसत नाही, पूर्ण डिस्कची जागा सांगणारं डीएफ मात्र डिस्क भरलेलीच दाखवतं. याच क्षणी घाबरून कामाच्या फाइलींवर हात पडतो, आणि ते नुकसान भरून येत नाही. कृपा करून आधी उघड्या फाइलींची यादी देणारी एलएसओएफ कमांड चालवा. नाव गेलेली पण उघडी असलेली फाइल आणि तिला धरून बसलेला प्रोग्राम, दोन्ही त्यात दिसतात. तो प्रोग्राम रीस्टार्ट केला की जागा सुटते.

ट्रंकेट नावाला हात लावत नाही. आयनोड तोच राहतो, लांबी शून्य होते आणि ब्लॉक सुटतात, प्रोग्राम चालू असला तरी. खानापूरकडे पावसात मध्येच वीज गेली, तरी ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडणारी व्यवस्था) अर्धवट राहिलेलं काम ऑर्फन यादीवरून, म्हणजे अपुऱ्या कामांच्या नोंदीवरून, पुढच्या माउंटला (डिस्क पुन्हा जोडताना) पुरं करते. म्हणून चालू सर्व्हरच्या लॉगसाठी मी ट्रंकेटच सांगेन. डेटाबेसच्या फाइलवर मात्र ते कधीही नको.

प्रोग्रामने लॉग अपेंड मोडमध्ये (नेहमी फाइलच्या शेवटीच लिहिण्याची पद्धत) उघडलेला नसेल, तर तो जुन्या ठिकाणापासूनच पुढे लिहितो आणि आधीचा भाग पोकळ राहतो. फाइलींची यादी देणारं एलएस पुन्हा ४० जीबी दाखवतं, पण डिस्कवर ब्लॉक थोडेच खर्च झालेले असतात.

बीटीआरएफएस आणि झेडएफएस या फाइल सिस्टिमवर गणित बदलतं. तिथे ब्लॉक सोडल्याची नोंदसुद्धा नव्या ब्लॉकवर लिहावी लागते. त्यासाठी दोन्ही थोडी जागा राखून ठेवतात, तरी काठोकाठ भरलेल्या डिस्कवर डिलीटलाही ‘जागा नाही’ असं उत्तर येऊ शकतं. स्नॅपशॉटने (फाइलींची एखाद्या क्षणीची जपलेली स्थिती) जुने ब्लॉक धरून ठेवले असतील, तर आरएम आणि ट्रंकेट दोन्ही निष्फळ. आधी तो स्नॅपशॉट काढावा लागतो.