हात नाही, दिवस बघायचा

ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) म्हटलं की लोकांना वाटतं पेशंटला नोकरीबिकरी लावून देतात, त्यात मराठी नाव व्यवसायोपचार, म्हणजे मग खात्रीच. पण इथे ऑक्युपेशन म्हणजे ज्यात माणसाचा दिवस जातो ते सगळं, अंघोळ, स्वयंपाक, भिशीला जाणं, नातीची वेणी घालणं. आपल्याकडे हा कोर्स १९५० साली मुंबईच्या केईएममधे कमलाबाई निंबकरांनी सुरू केला. बाई मूळच्या अमेरिकन (फलटणची कमला निंबकर बालभवन शाळा त्यांच्याच नावाची).

माझ्या आत्याला पक्षाघात झाला, उजवा हात गेला. फिजिओने मुठीत थोडा जोर आला, पण घरी आम्ही तिला काडी उचलू देत नव्हतो, चहा हातात, जेवण हातात, समोर टीव्ही. ओटीवाल्या मॅडम आल्या आणि हात बघायच्या आधी विचारलं, आत्या, दिवसभर काय करता? आत्या म्हणाली, काय करणार, बसते.

त्यांच्याकडे एक कॅनडातली पद्धत आहे, १९९१ची. काय जमायला हवं ते पेशंटनेच सांगायचं आणि ते किती महत्त्वाचं, आत्ता किती जमतं, समाधान किती, याला १ ते १० मार्कही त्यानेच द्यायचे. आम्हाला वाटलं चालणं म्हणेल, तर तिने भाजी चिरण्याला १० दिले!

डब्ल्यूएचओची २००१ची मांडणी पण हेच सांगते, अंगात ताकद असणं वेगळं आणि रोजच्या जगण्यात सहभाग असणं वेगळं, हॉस्पिटलच्या गुळगुळीत कॉरिडॉरमधे चालणारा माणूस घरच्या उंबऱ्यापाशी अडतो. आणि त्यात घरच्यांचं वागणंसुद्धा अडथळा म्हणून धरतात, म्हणजे आम्हीच की.

बरं, नुसतं गुंतवून ठेवलं तर? लॉस एंजेलिसमधे साठीपुढच्या ३६१ लोकांवर प्रयोग झाला, १९९७मधे छापून आला. एका गटाला ओटी, एकाला जमून गप्पा-खेळ, एकाला काहीच नाही. ९ महिन्यांनी फायदा ओटीवाल्यांना, गप्पावाले आणि काहीच न मिळालेले जवळपास सारखेच.

मॅडमनी आत्याला एक फळी दिली, खालून ठोकलेले दोन स्टीलचे खिळे वर आलेले, बटाटा त्यात खोचायचा, फळीखाली ओलं फडकं म्हणजे सरकत नाही, आणि सुरी डाव्या हातात. उजवा हात अजून तसाच आहे. परवा परत मार्क विचारले तर समाधानाला ४च दिले, म्हणे फोडी एकसारख्या होत नाहीत.