डॉक्टर हूच्या कथेवर लोक एवढे का चिडले? थोडी पार्श्वभूमी

डॉक्टर हू ही काळातून फिरणाऱ्या, शरीर आणि चेहरा बदलत राहणाऱ्या एका परग्रहवासी डॉक्टरची ब्रिटिश मालिका, आणि तिच्यावर टीका काही आजची नाहीये. 1985 मध्ये सिरीज लांबणीवर टाकली, 1989 मध्ये बंदच पडली, 1996 च्या टीव्ही सिनेमात डॉक्टर अर्धा माणूस निघाला तेव्हाही फॅन्स भडकले होते, पुढे ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पण आत्ताच्या भांडणांचं मूळ बघायचं तर 1 मार्च 2020 च्या एपिसोडपाशी यावं लागतं.

त्यात कळलं की डॉक्टर (तेव्हा ती बाईच्या रूपात होती) मुळात गॅलिफ्रेची, म्हणजे टाइम लॉर्ड्स या काळावर हुकमत असलेल्या लोकांच्या ग्रहाची, नाहीच. कुठून आलेलं ते माहीत नसलेलं एक पोरकं मूल, त्याच्यावर प्रयोग करून रीजनरेशन (मरताना नवीन शरीर घेण्याची शक्ती) मिळवलं, ते टाइम लॉर्ड्सनी स्वतःला लावून घेतलं आणि नंतर त्या मुलाच्या आठवणी पुसल्या. यालाच टाइमलेस चाइल्ड म्हणतात.

कॅनन, म्हणजे मालिकेत आधी ठरलेला इतिहास, मोडला असं सगळे ओरडले, पण मला तो मुद्दा कच्चा वाटतो, कारण 1976 च्या सुरुवातीलाच एका मनाच्या झुंजीत पहिल्या डॉक्टरच्याही आधीचे चेहरे दाखवले होते आणि त्याच वर्षाच्या शेवटी बाराच रीजनरेशन्सचा नियम आला, म्हणजे विसंगती तेव्हापासूनच आहे. तो नियमही 2013 च्या ख्रिसमसला नवीन रीजनरेशन्स देऊन सोडवला.

खरं दुखणं वेगळंय. डॉक्टर म्हणजे टार्डिस (त्याचं काळात फिरणारं यान) चोरून पळालेला एक साधा टाइम लॉर्ड, त्याने स्वतःच्या निवडीने चांगलं वागायचं ठरवलं, हीच त्याची सगळी गंमत. आता तो जन्मापासूनच स्पेशल झाला. त्यात सांगायची पद्धत तर फारच वाईट, व्हिलन बोलतोय आणि डॉक्टर अडकून नुसती ऐकतेय! मग 2021 च्या सहा भागांच्या गोष्टीत त्या आठवणी एका घड्याळात मिळाल्या, तर तिने ते न उघडताच टार्डिसमध्ये टाकून दिलं. एवढा मोठा धक्का द्यायचा आणि त्याचं पुढे काहीच करायचं नाही, हे लेखनाचं अपयश आहे.

2018 मध्ये बाई डॉक्टर झाली म्हणून जो गोंगाट झाला तो यात मिसळू नये, तो अन्याय होईल. अभिनेत्रीने जीव ओतून काम केलं, कमी पडली ती स्क्रिप्ट.

2023 मध्ये नवीन टीमने हे सगळं पुसून टाकलं नाही, उलट आपल्याला दत्तक घेतलं होतं हे डॉक्टरच्या तोंडी घातलं. 2024 मध्ये मात्र डॉक्टरसोबत फिरणाऱ्या मुलीची आई, जिच्यावर सीझनभर रहस्य ताणलं होतं, ती अगदी साधी बाई निघाली. अनेकांना ते फुसकं वाटलं, मला आवडलं.