दैनंदिन मनःस्वास्थ्य : सोलापूरच्या संदर्भात

दैनंदिन मनःस्वास्थ्य : प्रौढ माणसाने झोप, काम, नाती आणि काळज्या यांत आपले मन सावरून राहावे म्हणून रोजच्या रोज घ्यायची निगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली अमलात आलेल्या घटनेत आरोग्याच्या व्याख्येत शारीरिक, मानसिक आणि सामाजिक या तिन्ही बाजू एकत्र धरल्या आहेत. त्यामुळे मनाचा विचार माणसाच्या कामधंद्यापासून आणि घरापासून तोडून करता येत नाही. सोलापूरसारख्या कष्टकऱ्यांच्या शहरात तर मुळीच नाही.

सोलापूरचा संसार यंत्रमाग, चादर-टॉवेल आणि विडी यांवर उभा राहिला. जुन्या कापड गिरण्या बंद पडल्यावर असंख्य कुटुंबांची पगाराची शाश्वती गेली आणि जितके काम तितकेच दाम देणारी मजुरी वाट्याला आली. अशा मजुरीत आजारपणाची रजा नसते, म्हणून ‘डोकं जड झालंय’, ‘जीव घाबरा होतोय’, ‘कशात मन लागत नाही’ या तक्रारी अंगावर काढल्या जातात. त्यात पाण्याचा प्रश्न. नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते आणि ते अवेळी आले की घरातली एक व्यक्ती, बहुधा बाईच, भांडी भरत जागते. झोपमोडीचे हे कारण डॉक्टरांच्या प्रश्नावलीत नसते, पण सोलापुरात ते विचारलेच पाहिजे.

खचलेल्या माणसाला इथे सर्वांत आधी मिळणारा सल्ला म्हणजे ‘लई विचार करू नको की’. सांगणाऱ्याच्या मनात माया असते, तरी सल्ला निरुपयोगी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला सांगितले, तर अस्वल पुन्हा पुन्हा मनात येत राहिले. विचार दाबण्यापेक्षा त्याला वेळ नेमून देणे बरे. संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटे ठरवावीत, मुलाची फी, बचत गटाचा हप्ता, मागावरचे घटलेले काम असे जे छळते ते कागदावर लिहावे आणि त्यातले उद्या काही करता येण्याजोगे कोणते, एवढेच वेगळे काढावे. दिवसभरात काळजी डोके वर काढेल तेव्हा ती त्या वेळेवर ढकलता येते. सवय लागायला काही आठवडे जातात. अगदी झोपायच्या वेळेला मात्र हे करू नये, मग तेच विचार अंथरुणात येतात.

झोप हा या विषयाचा कणा आहे. प्रौढाला साधारण सात तास किंवा अधिक झोप लागते, आणि ती सलग काही आठवडे कमी पडली तर चिडचिड, विसरभोळेपणा, उदासी वाढते. रात्रपाळीच्या कामगाराला ‘लवकर निजा’ सांगून काय उपयोग? त्याने दिवसा झोपायची वेळ रोज एकच ठेवावी, खिडकीवर जाड चादर बांधून खोली अंधारी करावी, घरच्यांना त्या वेळात दार वाजवू न देण्यास सांगावे आणि पाळीच्या शेवटच्या काही तासांत चहा बंद ठेवावा, कारण चहातल्या कॅफिनचा असर कित्येक तास टिकतो. पाणी भरायला उठणे एकाच माणसावर पडू नये म्हणून पाळी लावावी. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, घर रात्री उशिरापर्यंत तापलेले राहते. अशा दिवसांत गच्चीवरची झोप ही चैन नसून गरज आहे. दारू घेतली की झोप लवकर लागल्यासारखी वाटते, पण उत्तररात्री ती मोडते, आणि हे दुष्टचक्र माणसाच्या लक्षात यायला वर्षे जातात.

सोबतीच्या बाबतीत सोलापूरचे दोन व्यवसाय एकमेकांच्या उलट आहेत. विडी वळणाऱ्या बायका उंबऱ्यात किंवा गल्लीच्या सावलीत मांडीवर सूप घेऊन बसतात. भिजवलेले तेंदूपान कात्रीने मापात कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, दोरा गुंडाळून तोंड दुमडायचे. हात नजरेशिवाय चालतात आणि तोंड मोकळे असते. सुनेचे, नवऱ्याच्या व्यसनाचे, कर्जाचे सगळे तेलुगूत नाहीतर मराठीत बोलून होते. पाठ मोडते, तंबाखूची धूळ छातीत जाते, मजुरी तुटपुंजी. या कामाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण बोलण्याची ही जागा मोलाची आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये शेजारच्या माणसाशी बोलायचे तर कानाजवळ ओरडावे लागते, आणि बारा तास तसे काढल्यावर घरी आलेला पुरुष गप्पच राहतो. पुरुषांसाठी बोलण्याची जागा मुद्दाम राखावी लागते: चहाच्या टपरीवरचा एक ठरलेला मित्र, भजनी मंडळ, भिशीची बैठक. ऐकणाऱ्याने उपाय सांगायची घाई करू नये. ‘मग तू काय केलंस?’ एवढे विचारून पुढे ऐकत राहणे पुष्कळांना जमत नाही, आणि नेमके तेच उपयोगी पडते.

उदास माणसाला काही करावेसे वाटत नाही, काही न केल्याने उदासी आणखी घट्ट होते. म्हणून इच्छा होण्याची वाट न पाहता छोटे काम आधी करायचे, ही पद्धत वापरली जाते. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी या धर्तीवर मोजक्या भेटींत तीव्र नैराश्य असलेल्यांना मदत केली आणि तिचा गुण आला, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. सोलापुरात याचा अर्थ सकाळी ऊन चढण्यापूर्वी सिद्धेश्वर तलावाच्या किंवा संभाजी तलावाच्या काठाने एक फेरी, एवढाही होऊ शकतो. आठवड्याला दीडशे मिनिटे झपाझप चालणे शरीराला पुरते आणि मनालाही त्याचा गुण येतो. घाबरल्यावर श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावावा, धडधड उतरते.

या सगळ्याने भागत नाही अशी वेळ येते, आणि ती ओळखता आली पाहिजे. दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटणे किंवा आवडीच्या गोष्टींतली गोडी जाणे, सोबत झोप-भूक बिघडणे, थकवा, आपण निकामी आहोत असे वाटणे ही नैराश्याची लक्षणे आहेत. थायरॉइडचा विकार किंवा रक्तक्षय यांतही थकवा, मरगळ येते, म्हणून रक्त तपासून घ्यावे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचे आढळले आणि बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. ‘जगून काय करू’ असे कोणी बोलले तर थेट विचारावे: मरणाचे विचार येतात का? विचारल्याने तो विचार रुजत नाही. त्या माणसाला एकटे सोडू नये, घरातली फवारणीची औषधे आणि गोळ्या हलवाव्यात.

फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणाऱ्या सरकारी टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या या सेवेत मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. घरात तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्याने आपलीच भाषा मागावी. दुःख परक्या भाषेत अर्धेच सांगितले जाते. शहरात वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे. लोक त्याला ‘सिव्हिल’ म्हणतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे हा कायदा गृहीत धरतो आणि तिच्यावर खटला चालवण्यापासून संरक्षण देतो.

नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून त्या मनानेच तोडू नयेत. सोलापूरच्या उन्हाळ्यात आणखी एक सावधगिरी लागते. लिथियम हे मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचे औषध घेणाऱ्याच्या शरीरातले पाणी कमी झाले की औषधाचे रक्तातले प्रमाण धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकते, आणि मानसिक आजारांवरच्या इतर काही औषधांनी घाम कमी येऊन उष्माघाताची भीती वाढते. अशा रुग्णांनी निर्जळी उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये. हात थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले किंवा झोक जाऊ लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.