आट्यांचे मोजमाप (नट-बोल्ट)

तुटलेला, झिजलेला किंवा हरवलेला बोल्ट बदलण्याआधी त्याचा व्यास, दोन आट्यांमधले अंतर (पिच), लांबी, डोक्याचा आकार आणि ताकदीचा वर्ग ओळखून काढण्याची पद्धत. व्यास सगळेच मोजतात. पिच मोजायचे राहून जाते आणि चूक बहुतेक वेळा तिथेच होते.

हार्डवेअरच्या दुकानात बोल्ट अजूनही मिलिमीटर आणि सूत अशा दोन मापांत मागितला जातो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. ‘अडीच सुती’ बोल्ट ५/१६ इंचाचा, म्हणजे ७.९४ मिमी, शेजारच्या खोक्यातला एम८ (एम म्हणजे मेट्रिक) हा ८ मिमीचा. हातात घेतल्यावर दोन्ही सारखेच वाटतात. पण एम८चे नेहमीचे पिच १.२५ मिमी असते, तर जाड, म्हणजे दूर-दूरच्या आट्यांच्या अडीच सुतीला इंचात १८ आटे, म्हणजे १.४१ मिमी पिच. एकाचा नट दुसऱ्यावर एखाद-दोन फेरे जातो आणि मग जड होतो. इथे पाना लावून जोर केला की आटे गेलेच. बोटांनी फिरेनासा झालेला नट उलटा फिरवून काढावा, हा नियम कारागिराने कधीही मोडू नये.

गॅरेजमध्ये आणखी एक घोटाळा होतो. ‘तेराचा बोल्ट’ म्हणजे तेराचा पाना लागणारा, म्हणजेच एम८. ‘दहाचा’ म्हणजे एम६. एम१०ला जुन्या जर्मन प्रमाणानुसार १७चा पाना लागतो, तर आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार १६चा. म्हणून पान्याच्या आकड्यावरून बोल्ट मागवू नये.

मोजण्याआधी बोल्ट रॉकेलमध्ये भिजवून तारेच्या ब्रशने घासावा. व्हर्निअर (जबड्यांत धरून बारीक माप घेण्याचे साधन) नटाखाली न आलेल्या, शाबूत आट्यांवर लावावे. नवा एम८सुद्धा ७.८ ते ७.९७ मिमीच्या आसपास भरतो, कारण बोल्ट नाममात्र मापापेक्षा किंचित बारीकच बनवतात. नटाचे भोक मोजून व्यास ठरवू नये: एम८ नटाच्या आतले आटे जेमतेम पावणेसात मिमीचे भोक सोडतात.

पिच मोजताना एकाच आट्यावर भरवसा ठेवू नये. एका आट्याच्या माथ्यापासून मोजायला सुरुवात करून दहा अंतरे मोजावीत आणि दहाने भागावे. एम८वर १२.५ मिमी येतील, अडीच सुतीवर १४.१, हा फरक साध्या फूटपट्टीवरही दिसतो. पिच गेज (वेगवेगळ्या पिचच्या दातेरी पात्यांचा जुडगा) असेल तर त्याची पात आट्यांत बसवून बोल्ट उजेडासमोर धरावा. फटीतून प्रकाश दिसला, तर पात चुकीची. टोकाला बसणारी पात मधल्या भागात बसत नसेल तर बोल्ट ताणला गेला आहे. तो पुन्हा वापरू नये.

आट्यांचा कोनही पाहावा लागतो. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली इंग्लंडमध्ये ५५ अंशांचे आटे सुचवले. विल्यम सेलर्स यांनी १८६४ साली अमेरिकेत ६० अंशांचे. मेट्रिक आटेही ६० अंशांचेच. पाव इंचाच्या ब्रिटिश आणि अमेरिकन जाड आट्यांत इंचाला वीसच आटे असल्याने एकाचा नट दुसऱ्यावर जातो, पण आट्यांच्या बाजू नीट टेकत नाहीत. अर्ध्या इंचावर मात्र ब्रिटिश १२ आणि अमेरिकन १३. मुंबईच्या कापड गिरण्यांत इंग्लंडहून यंत्रे आली ती व्हिटवर्थ आटे घेऊन. अशी जुनी यंत्रे दुरुस्त करताना सगळे मेट्रिक असेल असे धरून चालणे धोक्याचे.

लांबी डोक्याच्या खालून टोकापर्यंत मोजतात. बुडत्या डोक्याच्या स्क्रूची मात्र डोक्यासकट. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असेल तर तोच वर्ग घ्यावा. ८.८ म्हणजे किमान ताणशक्ती सुमारे ८०० मेगापास्कल आणि त्याच्या ८० टक्क्यांवर बोल्ट कायमचा लांबायला सुरुवात. ब्रेक किंवा स्टिअरिंगच्या जागी बिनआकड्याचा बोल्ट बसवणे म्हणजे जिवाशी खेळ.

नळाचे माप वेगळेच: ‘अर्धा इंची’ पाइपाचे आटे बाहेरून मोजले तर सुमारे २१ मिमी भरतात, कारण अर्धा इंच हे नाव आतल्या पोकळीवरून पडले.

काही ठिकाणी आटे डावे असतात: सायकलचे डावे पॅडल, ॲसिटिलीनच्या नळीचा नट. बोल्ट उभा धरला आणि आटे डावीकडे चढत गेले, तर तो डावा. ॲसिटिलीनच्या नटाच्या कोपऱ्यांवर त्यासाठी खाचाही पाडलेल्या असतात.