घाट चढून आलेला आगमनकाळ

बेळगावात नाताळची चाहूल चर्चच्या आधी रस्त्यावर लागते. नोव्हेंबर सरत आला की शहरातली आणि खानापूर भागातली माणसं पायी जुन्या गोव्याकडे निघतात. खांद्याला पिशवी, हातात जपमाळ, आणि पुढे उतरायचा घाट. ३ डिसेंबर हा संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण. १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर ते याच दिवशी वारले. २४ नोव्हेंबरला नोव्हेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते, तिच्या हिशेबाने चालणारे निघतात. पंढरीची वारी पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही.

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो आणि त्या दिवसापासून चर्चचं नवं वर्ष धरतात. म्हणजे वर्ष उजाडतं तेव्हा इथले पुष्कळजण वाटेवर असतात, आणि वाट गोव्याची असते. याचं कारण शोधायचं तर तीन-चारशे वर्षं मागे जावं लागतं.

हा मुलूख आदिलशाहीत होता तेव्हा रोमने त्यासाठी एक बिशप नेमला होता. मातेउश दे काश्त्रु हे त्यांचं नाव. ते मूळचे गोव्याचे, जन्माने ब्राह्मण घराण्यातले, आणि लॅटिन परंपरेतले पहिले भारतीय बिशप. १६३७ मध्ये रोमला त्यांचा अभिषेक झाला. पोर्तुगीजांशी त्यांचं कधीच पटलं नाही. डिचोली, बांदा, वेंगुर्ला इथे, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज हद्दीबाहेर, त्यांनी चर्च बांधली. पुढे गोव्यातून माणसांचा ओघ सुरू झाला. इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मद्रोह शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयाची, धास्ती, करांचा बोजा, मराठ्यांच्या स्वाऱ्या, दुष्काळ, अशी कारणं एकात एक गुंतलेली होती. बहुतेक लोक कारवार-मंगळूरकडे गेले, काही घाट चढून वर आले. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला, त्याच्या अडुसष्ट वर्षं आधीची एक गोष्ट मात्र इथे सांगायलाच हवी. थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीय (जेझुइट) फादरांचं मराठीतलं क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला छापून झालं होतं. त्याचा पहिला भाग जुन्या कराराचा आहे, म्हणजे तारणारा येण्याआधीची सगळी वाट पाहणी. आगमनकाळाचा विषय तोच. मराठी ओवीत तो चारशे वर्षांपासून आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

दुसरा थर लष्कराचा. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांनी घेतला, मग कॅम्प, म्हणजे लष्करी छावणी, वसला. पलटणीत आयरिश कॅथलिक शिपाई असायचे, त्यांच्यासाठी फादर हवेच. कॅम्पातली सेंट पॉल्स शाळा १८५६ ची. गावातल्या मराठी पोरांनी कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, पहिल्यांदा ऐकली ती बहुधा याच बाजूला. पुढे १८८० च्या दशकात रेल्वे आली. मुरगावहून निघालेली लाइन १८८८ मध्ये घाट चढून कॅसलरॉकला पोचली आणि लोंढा जंक्शन झालं. रेल्वेच्या नोकरीमुळे गोव्याची आणि अँग्लो-इंडियन कुटुंबं तिथे स्थायिक झाली. रानातल्या त्या गावात नाताळची तयारी ड्यूटीच्या पाळ्या सांभाळून चालायची.

पुढे बेळगाव भागातल्या बऱ्याच चर्चचा कारभार गोव्याच्या आर्चबिशपकडे होता. देश स्वतंत्र झाला तरी तसाच, आणि गोव्यात तर पोर्तुगीजांचं राज्य. ही गाठ फार दिवस टिकणारी नव्हती. १९ सप्टेंबर १९५३ रोजी बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या कारभाराचा मुलूख, झाला. मायकल रॉड्रिग्ज पहिले बिशप. पुढच्या दोन वर्षांत गोवा सत्याग्रह पेटला, ऑगस्ट १९५५ मध्ये सत्याग्रहींवर झालेल्या गोळीबारानंतर सीमा बंद झाली. ज्यांचं माहेर, मामा, कुलाचं घर खाली होतं त्यांना घाट आता परदेशाची वेस झाला. झेवियरच्या सणाला मनात आलं आणि निघालो, हे बंद. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यावर जाणारं लष्कर बेळगावात जमलं. १९ डिसेंबरला गोवा मोकळा झाला, तेव्हा आगमनकाळाचा शेवटचा आठवडा चालू होता. नाताळ सहा दिवसांवर.

मधल्या काळात दुसरी सीमा उभी राहिली होती. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून मराठी माणूस तो काळा दिवस पाळतो, सरकार राज्योत्सव करतं, आणि कॅथलिक पंचांगात तो सर्व संतांचा सण असतो. एकाच सकाळी तीन तऱ्हा. सातच वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, लोकभाषेतल्या उपासनेला वाट करून दिली. तोवर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये, त्यामुळे भाषेवरून भांडायचं कारणच नव्हतं. आता प्रश्न आला: कुठली लोकभाषा? कोकणी, मराठी, कन्नड, इंग्रजी? बाहेर या प्रश्नावर मोर्चे निघत होते, चर्चने तो वेळापत्रकावर सोडवला. या भाषेची मिस्सा अमुक वाजता, त्या भाषेची तमुक. कुरकुर राहिलीच, आणि राहणार. पण माझ्या मते सीमाभागातला सगळ्यात टिकाऊ तह हाच. बैलहोंगलकडच्या देशनूरला तर गोव्याच्या येशूसंघीयांनी लिंगायत विरक्तांच्या, म्हणजे संन्यासी स्वामींच्या, धर्तीवर मठ थाटला, भगवी वस्त्रं आणि शाकाहार पत्करला. कन्नड मुलखाशी बोलायची ती त्यांची रीत.

आता खुद्द आगमनकाळाबद्दल. पाचव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या तूर शहराच्या बिशपांनी ११ नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास घालून दिला, तिथून ही प्रथा धरता येते. जांभळी वस्त्रं त्या प्रायश्चित्ताची. तिसऱ्या रविवारी मात्र गुलाबी, कारण निम्मी वाट सरलेली असते. चार मेणबत्त्यांचं हिरवं चक्र, जे पाहून आपल्याला ते फार जुनं वाटतं, ते खरं तर सगळ्यात नवं. १८३९ मध्ये हॅम्बुर्गला योहान विखर्न या प्रोटेस्टंट पाद्रींनी अनाथ मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या: रोजच्यासाठी छोट्या, रविवारसाठी मोठ्या. मुलं सारखी विचारायची, नाताळ कधी? जर्मनीतल्या कॅथलिकांनी ते विसाव्या शतकात उचललं, आपल्याकडे त्याहून उशिरा आलं. येशूजन्माचा देखावा, म्हणजे गोठा, त्याच्या कितीतरी आधीचा. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी तो १२२३ मध्ये ग्रेच्चो गावी मांडला.

आपल्याकडच्या गोठ्याची तयारी शेतातली असते. नाचणी किंवा भात भिजवून परातीत माती पसरून पेरायचं, रोज पाणी शिंपडायचं. दहा-बारा दिवसांत बोटभर हिरवळ उभी राहते, तीच गव्हाणीपुढची कुरणं. तारा बांबूच्या कामट्यांचा आणि पतंगाच्या कागदाचा, खळ लावून चिकटवलेला. दिवाळीतला आकाशकंदील ज्याला जमतो त्याला ताराही जमतो, त्यामुळे या कामात शेजारच्या हिंदू पोरांचे हात हमखास लागतात.

घरात कुलकुलं. मैदा, रवा, थोडं तूप, नारळाचं दूध असं मळून घ्यायचं, सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या कंगव्यावर दाबायची आणि अंगठ्याने गुंडाळी करून सोडायची. शिंपल्यावर असतात तशा रेघा उमटतात. तळून साखरेच्या पाकात. करंज्यांना इथे कुणी नेवऱ्या म्हणतं, सारण तेच. उपासाच्या महिन्यात घरभर तळणाचा वास, हा विरोधाभास आज्यांना कधी टोचला नाही. डबे भरायचे ते शेजाऱ्यांकडे पोचवायला.

अलीकडे या महिन्याला आणखी एक रंग चढलाय. सुवर्णसौधमधलं, म्हणजे कर्नाटकच्या बेळगावातल्या विधानभवनातलं, हिवाळी अधिवेशन बहुधा डिसेंबरातच असतं. २०२१ मध्ये तिथेच २३ डिसेंबरला विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं. त्याला विरोध करणाऱ्यांत बेंगळुरूचे आर्चबिशप पीटर मचाडो पुढे होते, आणि ते २००६ ते २०१८ बेळगावचेच बिशप होते. शहरात बंदोबस्त, आणि दोन दिवसांवर मध्यरात्रीची मिस्सा.

कॅम्पातल्या पोरांची या दिवसांत वेगळीच लगबग असते. जुने कपडे, गवत, कागद गोळा करून ओल्ड मॅनचा, म्हणजे सरत्या वर्षाच्या पुतळ्याचा, सांगाडा उभा करायचा, म्हणजे ३१ डिसेंबरला जाळता येतो. धर्मशास्त्रात याला कुठेही आधार नाही. वर्गणी मात्र चारही भाषांतून मागतात.