वाराचा बाजार जागेचा कसा झाला

नागपुरात पत्ता सांगता सांगता माणूस वारही सांगून जातो. इतवारी, शनिवारी, शुक्रवारी, बुधवारी, मंगळवारी. पुण्याच्या पेठांनाही वार आहेत. आपल्याकडे मात्र वाराला 'ई' लागली की पेठ हा शब्दच लागत नाही. त्यातही जुनी शुक्रवारी आणि नवी शुक्रवारी, जुनी मंगळवारी आणि नवी मंगळवारी. आज हे मोहल्ले आहेत. एके काळी ते दिवस होते.

गोंड राजा बख्त बुलंद शहाने 1702 च्या सुमारास आसपासची बारा खेडी जोडून हे शहर वसवलं. त्याचा वारस चांद सुलतान याच्या काळी तलाव झाला, त्याचं नाव जुम्मा तलाव. पुढे तो शुक्रवारी तलाव झाला, मग गांधीसागर. राज्यं बदलली, भाषा बदलली, तरी पहिल्या दोन नावांत शुक्रवार मात्र टिकून राहिला. 1743 च्या सुमारास रघूजी भोसल्यांनी इथे राजधानी आणली. लष्कर, कारकून, विणकर, सराफ आले, आणि एवढ्या तोंडांना पुरवायचं तर बाजार हवेच.

वाराच्या बाजाराची गंमत अशी की त्याला जागा फक्त दिवसभर लागते. सकाळी बैलगाड्या सुटतात, पाल ठोकतात, संध्याकाळी जमीन पुन्हा रिकामी. व्यवस्था म्हणजे मुख्यतः वसुली. गावाची शेतजमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. व्यापारी-कारागिरांवर भोसलेकाळी जो कर होता त्याचं नावच 'पांढरी'. इंग्रजांनी पुष्कळ बदललं, पण हा कर लगेच सोडला नाही. पैसा येत असेल तर जुनी पद्धत कुणालाच जुनाट वाटत नाही.

खरी उलथापालथ पुढे झाली. 1853 साली तिसरे रघूजी वारले, संस्थान खालसा झालं. 1861 मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी बनलं, 1864 मध्ये नगरपालिका आली, 1867 मध्ये रेल्वे, 1877 मध्ये एम्प्रेस मिल. गिरणीतला माणूस भाजीसाठी बुधवारची वाट पाहू शकत नाही. त्याला रोज सुटी झाल्यावर, वाटेतच हवी असते. वाराचा बाजार असा रोजचा झाला. आणि रोज बसायचं म्हटलं की जागा ठरते. मग ओटे, गाळे, परवाना, नळ, कचरा, आणि पावती. विदर्भात गावोगावी बाजारवसुलीचा ठेका हर्रासात जातो, तीही याच वळणाची गोष्ट: बाजार चालवणं आणि बाजारातून पैसे गोळा करणं ही दोन कामं आपण नेहमी एकच मानली.

ठोक व्यापाराला शहराबाहेरची वाट मिळाली. कापसावर नियम आले, बाजार समित्या झाल्या, 1963 चा राज्याचा कायदा आला, आणि धान्य, मिरची, संत्र्याचे ढीग कळमन्याला गेले. कॉटन मार्केटात आता कापूस नाही, भाजी आहे. नाव तेवढं राहिलं, मेट्रोच्या स्टेशनालाही तेच लागलं. मध्यवस्तीत उरली ती चिल्लर विक्री, आणि तीच आज रस्त्याच्या अंगावर येते असं म्हणतात. बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, मेन रोडवर सणाच्या आधी चालून पाहिलेल्याला हे पटतंही. पण रस्ता आधी की बाजार आधी, हा प्रश्न जुन्या वस्तीत तरी इतका सोपा नाही.

कायद्याने हा प्रश्न उशिरा हाती घेतला. 1989 मध्ये सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पदपथावरचा व्यापार हा घटनेतल्या व्यवसायस्वातंत्र्यात बसतो, मात्र त्यावर वाजवी बंधनं घालता येतात, असं मानलं. तिथून 2014 चा पथविक्रेता कायदा यायला पंचवीस वर्षं गेली. त्यात शहर विक्रेता समिती आहे, तिच्यात किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यातल्या एक तृतीयांश महिला; दर पाच वर्षांत किमान एकदा सर्वेक्षण आहे. सगळ्यात कमी वाचलं जाणारं कलम मला महत्त्वाचं वाटतं: जिथे विक्रेते पन्नास वर्षांहून जास्त काळ व्यवसाय करत आलेत, तो नैसर्गिक बाजार, म्हणजे विक्रेते आणि गिऱ्हाईक परंपरेने जमत आले ती जागा, वारसा बाजार म्हणून जाहीर करायचा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही. नागपुरातल्या वारांच्या नावांना ही अट जड जाऊ नये. अडचण पुराव्याची. पन्नास वर्षं बसलो हे दाखवायचं कशाने?

महालातल्या एका भाजीवालीकडे सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घेताना ते दिसलं. जुडीवर पाणी शिंपडून तिने सुटे पैसे काढायला पोत्याखालची प्लॅस्टिकची पिशवी ओढली. पैशांखाली पावत्यांचा गठ्ठा, रबर लावलेला, खालच्या पार पिवळ्या पडलेल्या. "सासूच्या वेळच्याही आहेत यात," ती म्हणाली, "फेकाले हिंमत होत नाही." आणि पिशवी पुन्हा पोत्याखाली सारली.